वर्तणूक : परिस्थितीनुसार

बेलापूरच्या एका हायस्कुलात आमोस साळवे एकवीस वर्षं क्लार्क होते, आणि एकवीस वर्षं शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक' या रकान्यात ते डोळे झाकून 'चांगली' लिहीत आले होते. वर्गाची काच फोडणाऱ्याची चांगली, काचा गोळा करणाऱ्याचीही चांगली. कुणाची तक्रार नव्हती.

मग त्यांनी मोबाईलवर परदेशातल्या एका विद्यापीठाचा फुकट कोर्स धरला. विषय : मेंदू आणि वर्तन. 'वर्तन' म्हटल्यावर त्यांना वाटलं, हे आपल्याच टेबलाचं काम. सहा आठवडे उंदीर, माकडं, पेशी, रसायनं डोक्यावरून गेली. डोक्यात एवढंच राहिलं, की माणूस असा का वागतो हे शिकवणाऱ्या बाईंनाही नक्की ठाऊक नाही.

तशात शाळेतून नुकतीच बारावी झालेली रुपाली आली, सोबत आई साळूबाई. नर्सिंगच्या प्रवेशाचा शेवटचा दिवस; पाचच्या आत दाखला नगरला पोचायला हवा होता. आमोसरावांनी नाव, जन्मतारीख झरझर लिहिली आणि 'वर्तणूक'पाशी पेन अडलं.

"मुलगी वागायला कशी आहे?"

"कुठं? घरात का भाईर?" साळूबाईनं विचारलं.

आमोसराव आणखीच गोंधळले. "दोन्हीकडे."

"भाईर लई गुणाची. घरात उष्ट्या ताटाला हात लावत न्हाई. का वो भाऊसाहेब, स्थळ आणलं का काय?"

"आई, गप गं!" रुपाली म्हणाली.

बराच विचार करून त्यांनी लिहिलं, 'परिस्थितीनुसार बदलती'. हेडमास्तर आबासाहेबांनी नेहमीप्रमाणे न वाचता सही केली.

फाटकापाशी रुपालीनं दाखला वाचला आणि धावत परत आली. मागून साळूबाई.

"सर, हे बघून मला कोण घेईल?"

"खरं तेच लिहिलंय. माझीही तशीच आहे."

"तुमाला कुटं नर्स व्हायचंय?" साळूबाई कडाडली. "खोडा ते."

"खाडाखोड केली की दाखला बाद."

"मंग दुसरा द्या."

"पहिला हरवला तरच दुसरा. तसा अर्ज लागतो."

साळूबाईनं लेकीच्या हातातला दाखला घेतला, चार घड्या घातल्या आणि पोलक्यात खोचला. "हरवला. लिव्ह गं अर्ज."

रुपालीनं वळणदार अक्षरात लिहिलं, 'माझा दाखला प्रवासात गहाळ झाला आहे.'

"प्रवासात?"

"फाटकापर्यंत गेल्ते की, सर."

तिनं खाली सही करून अर्ज पुढे सरकवला. ही थाप मेंदूच्या कुठल्या कोपऱ्यातून निघाली आणि तिला चांगली म्हणायचं की वाईट, हे सहा आठवड्यांत कुणी सांगितलं नव्हतं. आमोसरावांनी नव्या दाखल्यावर 'दुय्यम प्रत'चा शिक्का मारला आणि 'चांगली' लिहिलं. आबासाहेबांची सही झाली. मायलेकी एसटीकडे पळाल्या.

अर्ज फायलीला लावताना त्यांना दिसलं, खाली साक्षीदाराची जागा रिकामी होती. दाखला हरवताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहणारा माणूस ऑफिसात एकच उरला होता. इकडेतिकडे बघून आमोसरावांनी सही केली.