नदीपलीकडची पाटी

एप्रिल तोंडावर आला की आमच्या खोऱ्यात हरणांच्या नरांना माज येतो. मग रात्री डोंगरात त्यांच्या डरकाळ्या चालतात आणि दिवसा फर्गसच्या बंदुकीच्या दुकानात माणसांच्या.

त्या शनिवारी दुकानात पाऊल ठेवायला जागा नव्हती. मी काडतुसं घ्यायला गेलो होतो आणि ती घेऊन झाल्यावरही थांबलो, कारण म्हातारा क्लेम टूहिग रायफलीसाठी दुर्बीण निवडायला आला होता आणि त्याच्याबरोबर अ‍ॅथल रस्क आला होता. अ‍ॅथल दुसऱ्याच्या खरेदीला कधी उगाच जात नाही.

प्रकरण सगळ्या गावाला ठाऊक होतं. अ‍ॅथलच्या टोळीला यंदाही शिकारीच्या सोडतीत वरच्या दरीतला पट्टा मिळाला होता. तिथल्या खोपटात झोपायला चार बंक आहेत, म्हणजे माणसंही चारच. चौथा क्लेमचा. तो कधीपासून, हे विचारायची सोय नाही, कारण खोपटच त्याने बांधलं, पत्रे पाठीवर वाहून. पण यंदा अ‍ॅथलच्या मुलीचं लग्न झालं, ब्रेंडन नावाचा जावई घरात आला आणि जावयाला बंक हवा झाला.

क्लेमला तोंडावर ‘येऊ नकोस’ म्हणणं अ‍ॅथलला जड जात होतं. बंदूक कशी धरायची हे त्याला क्लेमनेच शिकवलेलं. अशा माणसाला काढायचं तर तो आपणहून निघाला असं दिसावं लागतं. म्हणून अ‍ॅथलने नियम काढला: यंदा दरीच्या या अंगावरून त्या अंगावर मारायचं, चारशे-पाचशे मीटरवरून, आणि प्रत्येकाच्या रायफलीवर लांब पल्ल्याची दुर्बीण हवी. क्लेम आयुष्यभर ओल्या झाडोऱ्यातून रांगत जाऊन, हरणाचा वास नाकात येईल इतक्या जवळून मारणारा. त्याच्या जुन्या दुर्बिणीतून त्या अंतरावरचं हरीण मुंगीएवढं दिसायचं. अलीकडे तेही दिसेनासं झालं होतं. ‘काच धुकं धरते,’ असं तो सांगायचा.

धुकं कुठे होतं ते आम्ही ओळखून होतो. गेल्याच महिन्यात त्याने गाडीतून माझ्या फाटकाच्या खांबाला हात केला आणि मी ओळख दाखवली नाही म्हणून माझ्या बायकोकडे तक्रार केली.

आता, डोळे अधू झालेल्या माणसाने रायफल घेऊन डोंगरात जाऊ नये, हे मलाही पटतं. शेजारच्या खोऱ्यात एकाने हरीण समजून सख्ख्या मेव्हण्याला मारलं, त्याला फार दिवस झाले नाहीत. हे कारण अ‍ॅथलकडे तयार होतं, खरं होतं, शिवाय माणुसकीचं होतं. तरी त्याने ते वापरलं नाही. का, ते उघड आहे. इन्व्हरकार्गिलच्या इस्पितळात मोतीबिंदू काढून मिळतो. डोळे बरे झाले की क्लेम पुढच्या वर्षी बंक परत मागायला हजर.

फर्गसच्या दुकानात दारापाशी एक लाकडी घोडी आहे. तिच्या खाचेत दुर्बीण ठेवायची आणि नदीपलीकडच्या लोकरीच्या शेडवरची पाटी वाचायची, ही तिथली रीत. ‘टलक आणि मुलगे, रॉम्नी जातीचे एडके’, बाजूला एडक्याचं चित्र, खाली फोनचा आकडा. गावातली प्रत्येक दुर्बीण त्या पाटीवर पारखलेली आहे.

पण टलकने जमीन विकली होती. बुधवारी नव्या मालकांनी, म्हणजे एका मधाच्या कंपनीने, जुनी पाटी उतरवून तिथे पिवळीजर्द मधमाशी चढवली होती, वासराएवढी. चढवायला ट्रॅक्टर अ‍ॅथलचाच होता.

फर्गसने पहिली दुर्बीण घोडीवर ठेवली. “ही नऊ पटीची. स्वस्तातली. संध्याकाळच्या उजेडात मंद पडते.”

क्लेमने टोपी मागे सरकवली आणि वाकला.

“टलक आणि मुलगे,” तो म्हणाला. “वाचता येतंय. पण कडेला धूसर आहे.”

सासऱ्याबरोबर आलेल्या ब्रेंडनने तोंडावर हात धरला. फर्गसने अ‍ॅथलकडे बघितलं. अ‍ॅथलने मानेनेच सांगितलं, दुसरी काढ.

“ही सोळा पटीची. वर फिरकी आहे बघ. अंतर मोजायचं, फिरकी तेवढी फिरवायची आणि काचेतली फुली थेट हरणाच्या खांद्यावर धरायची. गोळी किती खाली पडेल याचा अंदाज बांधत बसायला नको.”

“आणि फिरकी फिरवायची विसरलो तर?”

“तर हरीण म्हातारं होऊन मरतं.”

“मग ते माझ्यापेक्षा नशीबवान,” क्लेम म्हणाला, आणि सगळे हसले. तोही हसला. तो खुशीत होता. दुकानभर माणसं त्याच्याकडे बघत उभी आहेत, असं बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

“काय दिसतं?” अ‍ॅथलने विचारलं.

“एडका दिसतो की. लोकरीचे वळसे मोजून देऊ?”

“तोंड कुठे आहे त्याचं?”

“डावीकडे. त्याने कधी उजवीकडे केलंय?”

“आणि फोन? नराच्या शिंगांना फाटे किती ते लांबून मोजायचं, तर तेवढं बारीक दिसायलाच हवं, म्हाताऱ्या.”

क्लेमने आकडे म्हटले. बरोबर म्हटले. त्या आकड्यावर त्याने टलकला जन्मभर फोन केले होते. “सहाचं पोट जरा पुसट आहे,” असंही वर म्हणाला, मुरलेल्या गिऱ्हाइकाने खोट काढावी तसं.

मागे कुणीतरी खोकला. मी खाली वाकून बुटाची नाडी बांधली, जी सुटलेली नव्हती. ‘क्लेम, पाटी बदलली,’ एवढं म्हणायला कुणाचं काही जात नव्हतं. पण फुकटात चाललेला खेळ कोण थांबवतो?

“क्लेम, ही बघा ना,” ब्रेंडन पुढे झाला. “पंचवीस पटीची. मी असतो तर डोळे मिटून हीच घेतली असती.”

तिची किंमत क्लेमच्या गाडीपेक्षा जास्त होती. तो तिच्यातून बराच वेळ बघत राहिला.

“यात सहा स्वच्छ आहे,” तो म्हणाला.

“एडक्याच्या डोळ्यातले भावसुद्धा दिसत असतील,” ब्रेंडन म्हणाला.

“दिसतात. तुझ्या सासऱ्यासारखे आहेत.”

या वेळी दुकान खरोखर हसलं. अ‍ॅथल हसला नाही.

फर्गसला थोडी लाज वाटली असावी. “घाई नको करूस क्लेम,” तो म्हणाला. “घरी ने, चार दिवस बघ, मग ठरवू.”

“कशाला? तुम्हा सगळ्यांसमोर वाचून दाखवली ना? बांध.”

पैसे देऊन होतात न होतात तोच त्याची बायको नोलीन बेकरीतल्या पावाची पिशवी घेऊन दारात आली.

“झालं की नाही?” ती म्हणाली. “अरे, टलकचं नाव गेलं, बघितलंस? मला कसंतरीच झालं. आणि त्याजागी ती माशी केवढी काढलीये. मला चष्म्याशिवाय बेकरीतून दिसली.”

क्लेम पुन्हा घोडीकडे वळला. खाच रिकामी होती, तरी तो तिच्यावर हात ठेवून नदीकडे बघत राहिला.

“कधी बदलली?”

“बुधवारी,” अ‍ॅथल म्हणाला. “माझाच ट्रॅक्टर होता.”

नोलीनने आमच्या तोंडांकडे एकेक करून बघितलं. “तुम्ही सगळे इथेच उभे होतात?” ती म्हणाली. “अ‍ॅथल, तुझं पहिलं हरीण यानेच खाली वाहून आणलं होतं रे.”

“म्हणून तर जपतोय त्याला, नोलीन. डोंगरात भलतंच काही झालं असतं म्हणजे?”

राखून ठेवलेलं कारण असं बाहेर आलं. आता ते सगळ्यांना पटलं. दोघातिघांनी मानाही डोलावल्या.

“चौथा बंक ब्रेंडन घेईल,” अ‍ॅथल म्हणाला. “आणि ती दुर्बीण घरी ठेवून तरी काय करणार तू? ती त्याच्या रायफलीवर बसव. तू रायफल न घेता ये. रांधायला माणूस लागतोच.”

“चल घरी,” नोलीन म्हणाली. तिने त्याची बाही धरली होती.

मला वाटलं, क्लेम दुर्बिणीची पेटी उचलून अ‍ॅथलच्या अंगावर फेकेल. निदान चालू तरी लागेल. त्याने नोलीनच्या हातातून बाही सोडवून घेतली आणि पेटी गल्ल्याच्या फळीवरून ब्रेंडनकडे सरकवली.

“झोपायचं कुठे?” त्याने विचारलं.

“खाली, जमिनीवर,” अ‍ॅथल म्हणाला.

“शेगडीच्या बाजूला?”

“तिथे बूट वाळत घालतो आपण.”

“बूट हलवता येतात,” क्लेम म्हणाला.

ब्रेंडन पेटी उघडून काचेवर फुंकर घालत होता. अ‍ॅथलने त्याच्याकडे बघितलं, मग घड्याळाकडे.

“बघू,” तो म्हणाला.