ढोबळी मिरचीचे काप

ओत्मार एग्लीने फ्रिजचं दार उघडलं, लावलं आणि पुन्हा उघडलं. खिडकीखालच्या पिंजऱ्यातून आवाज आला नाही. त्याची बायको ईडा हयात होती तेव्हा या दाराला नुसता हात लागला, तरी दोन्ही गिनीपिग जाळीला पाय लावून अशी शीळ घालायचे की खालच्या मजल्यावरची बाई छताला झाडूचा दांडा ठोकायची. आता दोघींतली मोका गेली होती. तिच्या दाढा वाढल्या होत्या, त्या कापायला नेलं आणि ती भुलीतून उठलीच नाही. उरलेली फ्लॉकी वाळल्या गवतात पाठ फिरवून बसली होती.

"झुरतेय ती," दारात टोपली घेऊन उभी असलेली अगाथा म्हणाली. "आधी ईडा, मग मोका. मुक्या जनावराला काय कमी कळतं?"

अगाथाचं शेत गावाबाहेर, चीजच्या डेअरीच्या पलीकडे. तिथे ती म्हातारे गिनीपिग सांभाळायची आणि लागेल त्याला उसने द्यायची. गिनीपिग कळपातला प्राणी. त्याला एकटं ठेवायला स्वित्झर्लंडात कायद्यानेच मनाई आहे. दोघांतला एक गेला की लोक अगाथाकडून सोबती नेत आणि राहिलेलाही गेला की सोबती परत करत. नाहीतर एकाला जोड, त्या जोडीला पुन्हा जोड, असं ते रहाटगाडगं मालकाच्या मरणानंतरही थांबायचं नाही.

"माणसांसाठी आहे का गं असा कायदा?" ओत्मारने विचारलं.

"तू अर्ज कर, बघू काय म्हणतात ते," अगाथा म्हणाली आणि टोपलीतून बाल्झला बाहेर काढलं. हा तपकिरी, जाडा, एका कानाचा कोपरा तुटलेला म्हातारा होता. आयुष्यभर याच्या-त्याच्या घरी सोबतीला राहून राहून त्याला कशाचं नवल उरलं नव्हतं.

बाल्झने फ्लॉकीला हुंगलं आणि मागच्या पायाशी नाक खुपसलं. फ्लॉकी किंचाळली, पण जागची हलली नाही. अगाथाच्या तोंडावरचं हसू मावळलं. तिने फ्लॉकीला उचलून गुडघे चाचपले, ओठ वर करून हिरड्या पाहिल्या.

"चुकलं माझं. हे झुरणं नाही, ओत्मार. आजारी आहे ती. कोट घाल."

ओत्मारने खुंटीवरचा कोट काढला. जन्मभर त्याने भरतकामाच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त केली होती. बिघाड झाला की तो आवाजावरून ओळखायचा. इथे आवाजच बंद झाला होता आणि त्याला दुःखाची एवढी सवय झाली होती, की त्याने तेच कारण धरून ठेवलं. जनावरं ईडाची. तो त्यांच्या वाटेलाही जात नसे. पण ईडाच्या हाताची ज्याला सवय आहे असं जगात आता हे एवढंच उरलं होतं, आणि तेही गेलं तर घरात तिला ओळखणारं दुसरं कोणी राहणार नव्हतं. गाडीत तो पेटी मांडीवर घट्ट धरून बसला.

गुरांच्या दवाखान्यातली डॉक्टर फुरर तरुण होती, पण घाई करणारी नव्हती. सुजलेले सांधे, रक्त येणाऱ्या हिरड्या तिने पाहिल्या आणि फ्लॉकी काय खाते ते विचारलं.

गवत, पाणी आणि गोळ्यांचा खुराक, असं ओत्मारने सांगितलं. खुराक चांगल्यातला होता, ईडानेच आणलेला. पोतं अजून पुरत होतं. तो ते हात राखून वापरत होता. कारण ईडाने दुकानातून स्वतः आणलेली ती शेवटची वस्तू होती, पण हे काही त्याने सांगितलं नाही.

"आणि भाजी? ढोबळी मिरची, पार्सली?"

"ईडा द्यायची रोज. ते लाड हो. पोत्यावर लिहिलंय, सगळं आहे त्यात म्हणून."

डॉक्टरने मान हलवली. "होतं, एग्लीसाहेब. उघड्या पोत्यातलं क जीवनसत्त्व महिन्या-दोन महिन्यांत उडून जातं. या प्राण्याला ते अंगात तयार करता येत नाही, आपल्यासारखंच. म्हणून सांधे दुखतात, तोंड दुखतं, मग खाणं सुटतं. आणि याचं पोट रिकामं राहिलं की आतडी थांबतात. तो खरा धोका."

"म्हणजे मीच केलं हे."

"तुम्हाला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "अजून वेळ गेलेली नाही. पण मेहनत तुम्हालाच करावी लागेल."

ती मेहनत ओत्मारच्या हातांना नवी होती. जीवनसत्त्वाचे थेंब थेट तोंडात द्यायचे. पाण्यात घातले तर तेही वाया जातात. दुखण्याचं औषध वेगळं. गवताच्या पिठाची पातळ लापशी करून बिनसुईच्या सिरिंजने भरवायची, आणि रोज स्वयंपाकाच्या काट्यावर वजन करायचं. अगाथाने शिकवलं: टॉवेलात गुंडाळ, बाजूने घाल, पुढच्या दातांच्या मागे, आणि ती चावेपर्यंत थांब. पहिल्या दिवशी लापशी टॉवेलवर, टेबलावर आणि ओत्मारच्या दाढीत गेली.

"यंत्राला तेल घालत नाहीयेस," अगाथा म्हणाली. "तिला गिळू दे."

तो थांबायला शिकला. थांबता थांबता बोलायलाही लागला, पहिल्यांदा खजील होऊन, मग खुशाल. ईडा गेल्यापासून या स्वयंपाकघरात इतकं बोलणं झालं नव्हतं. ढोबळी मिरचीही आणली आणि ईडाच्या छोट्या सुरीने तिचे बोटाएवढे काप केले. ईडा त्यातला एक काप नेहमी त्याच्या ताटात ठेवायची. तो दरवेळी बाजूला सारायचा. जनावरांचं खाणं मला नको, म्हणायचा. त्या आठवणीने त्याचं मन त्याला खायचं.

फ्लॉकी आधी बाल्झच्या तोंडातलं गवत ओढायला लागली. मग एका सकाळी ओत्मारने दुधासाठी फ्रिज उघडला आणि मागून शीळ आली, फाटकी, अर्धवट. लगेच बाल्झनेही सूर धरला. खालून झाडूचा दांडा ठोकला गेला. ओत्मार दुधाची बाटली हातात धरून तिथेच रडला.

तिथून पुढे फ्लॉकी उन्हाळाभर जगली. बाल्कनीत उन्हाला बसली, मिरची खाऊन लठ्ठ झाली. सफरचंदं उतरवायच्या दिवसांत एका सकाळी ती बाल्झच्या कुशीत गार सापडली. वयच झालं होतं, डॉक्टर म्हणाली. यात कोणाची चूक नव्हती. ओत्मारने ते दोनदा विचारून घेतलं.

दुसऱ्या दिवशी अगाथा टोपली घेऊन आली, पण टोपली तिने लगेच खाली ठेवली नाही. बाल्झला राहू दे, म्हणाली. त्याला जोड म्हणून आणखी एक देते. तुला सवय झालीय त्यांची.

ओत्मारने बाल्झला छातीशी धरलं होतं. त्याच्या तुटक्या कानामागे तो बोटाने खाजवत होता.

"तुझ्याकडे त्याचा कळप आहे," तो म्हणाला. "काल रात्रभर तो तिला हुडकत होता. मला बघवलं नाही. ने त्याला."

"आणि तू?"

"मी येईन ना. रविवारी येतो. तुझ्या त्या म्हाताऱ्यांच्या दाढा बघायला हात लागतीलच की."

अगाथाने मान डोलावली, टोपलीवर फडकं टाकलं आणि ती गेली. जिन्यावर बाल्झ एकदा शीळ घालताना ऐकू आला.

ओत्मारने पिंजरा धुतला आणि बाल्कनीत उन्हात उभा केला. मग कॉफीसाठी दूध काढायला त्याने फ्रिज उघडला. आत काल संध्याकाळी सवयीने कापून ठेवलेली मिरची होती, बशीत दोघांचे दोन ढीग केलेली. दार उघडं ठेवून तो जरा वेळ उभा राहिला.

मग त्याने बशी टेबलावर घेतली, खुर्ची ओढली आणि एकेक काप खायला लागला.