टाचेवरची पट्टी

केकवर साखरेचं पिस्तूल काढलं होतं. ग्रेडी टॅकेटने सुरी फिरवली, टाळ्या पडल्या, आणि नळीचा तुकडा नेमका डोरीनच्या ताटलीत आला. तिने ताटली जरा दूर सारली.

"खा की, तोंड गोड कर," शेजारची नेल्डा म्हणाली. "तूही होतीस ना दुकानात? पर्समध्ये पिस्तूल, आणि बाईसाहेब पेंडीच्या पोत्यांमागे!"

चर्चच्या तळघरात हशा पिकला. डोरीनने एक घास तोंडात टाकला.

तीन दिवसांपूर्वी गावातल्या पशुखाद्याच्या दुकानात एकाने गल्ल्यावरच्या बाईवर पिस्तूल रोखून पैसे मागितले. पैसे त्याच्या हातात पडल्यावर, तिथेच असलेल्या ग्रेडीने त्याला गोळी घातली. माणूस दाराच्या उंबऱ्यावरच मेला. आजचा हा सत्कार ग्रेडीचा.

नवरा वारल्यावर डोरीन याच तळघरात, ग्रेडीच्याच वर्गात पिस्तूल चालवायला शिकली होती. दर शनिवारी तो घसा फोडून सांगायचा, पिस्तूल जीव वाचवायला आहे, चोर पकडायला नाही. चोर निघाला तर जाऊ द्या. आडोशाला बसा आणि बघा. तोंडाला फडकं असतं, सदरा तो वाटेत फेकून देतो, पण बूट कुणी बदलत नाही. बुटांपासून बघा, बुटांपासून सांगा.

तिने शब्द न् शब्द पाळला होता. गुरूचं मात्र लोका सांगे ब्रह्मज्ञान!

कॉफीच्या पिंपाजवळ ग्रेडीने तिला गाठलं.

"शेरीफचा माणूस येतोय. तुझाच जबाब राहिलाय. चोर माझ्याकडे वळला आणि त्याने पिस्तूल रोखलं, एवढंच सांगायचं."

"वळला?"

"अगं, गल्ल्यावरची डोळे मिटून होती. कॅमेरा बंद. राहिलो आपण दोघं."

"पण गोळी का घातलीत, ग्रेडी?"

तो बोटावरची साखर चाटत राहिला.

"वीस वर्षं शिकवतोय, डोरीन. एकदाही वेळ आली नव्हती."

हे सांगताना त्याचा चेहरा उजळला होता. डोरीनला त्याची किळस आली. त्या टाळ्यांची आली, आणि आपणही त्या केकचा एक घास खाल्ला होता, त्याची तर जास्तच. फरशीवरच्या रक्ताचीसुद्धा तिला एवढी आली नव्हती.

शेरीफचा माणूस टोपी काखेत मारून जिना उतरला. कुणीतरी त्याच्याही हातात केक दिला. तो बाजूला ठेवून त्याने वही काढली. ग्रेडी डोरीनच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला.

"चेहरा पाहिलात त्याचा?"

"नाही. मी बुटांपासून सांगते. आम्हाला तसंच शिकवलंय."

"ग्रेडीची विद्यार्थिनी शोभता!" तो हसला. "सांगा. तुम्ही कुठे होतात?"

"खाली, पोत्यांमागे. ग्रेडीच्या पायांशी."

"बरं."

"चोराच्या डाव्या बुटाची टाच उसवली होती. तिला चंदेरी चिकटपट्टी लावलेली. एका कडेने सुटली होती, पाऊल उचललं की फडफडायची."

खांद्यावरचा हात जड झाला.

"हे कधी पाहिलंत?"

"गोळी सुटली तेव्हा," डोरीन म्हणाली. "दोन्ही टाचा आमच्याकडे होत्या."