बिननावाची बटनं

मी एक जुना मोबाईल आहे, मित्रांनो, आणि माझा पडदा कायम काळा असतो. म्हणून मला बंद पडलेला समजू नका. माझ्या मालकीणबाई चंद्रकलाबाई यांना दिसत नाही. मग उगाच उजेड पाडून बॅटरी कशाला संपवायची, असा आमचा साधा हिशेब आहे. पडद्यावर जे असेल ते मी बोलून दाखवतो, आणि त्या बोटाने टिचकी मारून हवं ते उघडतात.

पूर्वी मी तुमसरच्या राइस मिलमधल्या एका बाबूकडे होतो. तो दिवसभर माझ्याकडून स्वतःचेच फोटो काढून घ्यायचा. नवा मोबाईल आला आणि त्याने मला कपाटात टाकलं. पुढे चंद्रकलाबाईंनी मला घेतलं तेव्हा मनात आलं, ज्यांना दिसत नाही त्यांना माझा काय उपयोग? त्या विचाराची मला आजही लाज वाटते. आठवड्याभरात त्यांनी माझ्या बोलण्याचा वेग इतका वाढवला, की शेजारणीला ती नुसती चिरचिर वाटायची. चंद्रकलाबाईंना मात्र शब्दन् शब्द कळायचा. माझ्यात एवढं काही आहे, हे त्या बाबूला चार वर्षांत समजलं नव्हतं.

चंद्रकलाबाई सिहोऱ्याजवळ वडिलांच्या मागे धानाची शेती करतात. सातबारा त्यांच्या एकटीच्या नावावर आहे; भावाची शेती वेगळी आहे. गेल्या हंगामात धान खरेदी केंद्राने नवाच नियम काढला. ज्याला धान द्यायचं आहे, त्याने अ‍ॅपवर स्वतःचा चेहरा दाखवून नोंद करायची. मुदत वीस दिवसांची होती. नोंद नाही, तर त्या नावाने धान घेणार नाही.

आम्ही अ‍ॅप उघडलं आणि माझी पुरती फजिती झाली. मी वाचायला गेलो तर तोंडून एवढंच निघालं, "बटन. बटन. बटन." बनवणाऱ्यांनी बटनांवर छान छान चित्रं काढली होती, पण त्यांना नावंच दिली नव्हती. मी तरी काय वाचणार? चंद्रकलाबाई अंदाजाने पुढे गेल्या. शेवटी अ‍ॅपने चेहऱ्यासाठी गोल आखला आणि डोळे मिचकावायला सांगितलं. चंद्रकलाबाईंच्या पापण्या लहानपणच्या आजारात मिटल्या, त्या मिटल्याच. दहा सेकंद वाट पाहून अ‍ॅपने लिहिलं, 'समोर जिवंत व्यक्ती नाही.'

ते वाक्य मलाच त्यांना वाचून दाखवावं लागलं. फार वाईट वाटलं मला.

दुसऱ्या दिवशी आम्ही केंद्रावर गेलो. तिथे नोंदी करणारी डिंपल स्वभावाने भली आहे. ती म्हणाली, "काकू, कायले एवढा त्रास घेता? भावाचा चेहरा दाखवा, त्याच्या नावानं करून टाकू."

"पिकवलं मी, तं नाव काहून त्याचं?" चंद्रकलाबाईंनी विचारलं.

घरी येऊन त्यांनी अ‍ॅपची एकेक पायरी पुन्हा तपासली. जिथे जिथे अडलं अशा चौदा जागा त्यांनी माझ्यात बोलून भरल्या आणि नागपूरला अ‍ॅप बनवणाऱ्यांकडे पाठवल्या. आठव्या दिवशी तिथून रक्षा नावाची इंजिनिअर आली. तिने डोळ्यांवर ओढणी बांधून मला पाच मिनिटं चालवलं आणि ती रडायलाच लागली. "किती कठीण आहे हो तुमचं जगणं!"

चंद्रकलाबाई हसल्या. "बाई, तू पाच मिनिटाची आंधळी, म्हणून घाबरली. मी तीस वर्सापासून आहो. मले मोबाईल चालवता येते. तुह्या अ‍ॅपलेच बोलता येत नाही."

रक्षाने डोळे पुसले आणि तोड काढली, 'मदतनीस बोलवा' असं मोठं बटन ठेवू.

"मदतनीस नाही पायजे," चंद्रकलाबाई म्हणाल्या, "बटनाचं नाव पायजे."

रक्षाने वही काढली आणि विचारलं, "चेहरा गोलात आला की नाही, हे तुम्हाला कसं कळावं?"

"आम्ही रोवणा करतो, चिखलात धानाची रोपं लावतो, तवा मी ओळ कशी धरतो? बाजूची बाई सांगते, जराशी डाव्या अंगाले सरक, हां, आता बरोबर. तसंच यानं सांगावं. अन् पापणीच्या जागी मान वळवाले सांगा."

शेजारचे तुलाराम ऐकत बसले होते. त्यांचे हात जन्मापासून थरथरतात. ते म्हणाले, "दहा सेकंदात तं माहा मोबाईल खिशातूनच निघत नाही. घाई काढा. अन् तो धानाच्या पोत्याले टेकवून चालला पायजे."

त्यानंतर रक्षा नागपुरात बदल करायची आणि हे दोघं इथे बसून त्यातल्या चुका काढायचे. चंद्रकलाबाईंनी दोनदा सगळं काम परत पाठवलं. मित्रांनो, कारखान्यातून निघालो त्या दिवशी माझं घडणं संपलं, अशी माझी समजूत होती. चंद्रकलाबाईंच्या ओसरीवर या दोघांच्या हातून मी पुन्हा घडत होतो, आणि थक्क होऊन ऐकत होतो.

मुदतीच्या शेवटच्या दुपारी चंद्रकलाबाईंनी मला केंद्रावर एका पोत्याला टेकवलं. मी बोलू लागलो, "थोडं डावीकडे. अजून थोडं. बरोबर. आता मान उजवीकडे वळवा." त्यांनी मान वळवली. मग मी वाचलं, "नोंद झाली. शेतकरी, चंद्रकला टिकाराम बिसेन."

त्यांनी माझा आवाज पूर्ण मोठा केला आणि तेच वाक्य पुन्हा वाचायला लावलं. रांगेतल्या सगळ्यांनी ते ऐकलं. मग त्या बाजूला झाल्या आणि तुलारामांनी सावकाश खिशात हात घातला.

मोबाईल जपून वापरा, पाण्यात पाडू नका, हे माझे भाऊबंद तुम्हाला सांगतीलच. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्यापैकी कोणीतरी मोठेपणी अशी अ‍ॅप बनवेल. तेव्हा सगळं बनवून झाल्यावर चंद्रकलाबाईंना दाखवायला आणू नका. कामाला बसण्याआधी त्यांना बोलवा, आणि वही उघडून त्यांच्यासमोर बसा.