जपून ठेवलेली कॅसेट

मित्रांनो, मी व्हिडिओ गेमची एक जुनी कॅसेट आहे. जुनी वयाने बरे का. कामाचे विचाराल तर जन्मात एक दिवस काम केलेले नाही. कारखान्यात मला खोक्यात घालून वर चकचकीत प्लास्टिक चढवले, आणि तेव्हापासून मला एकच घोर लागला: मी चालते का?

एका आईने मला मुलासाठी विकत घेतले. "परीक्षा झाली की देईन," म्हणून तिने मला लपवले, आणि इतके जपून लपवले की परीक्षा संपल्यावर तिलाच सापडेना. तिने कपाटे उपसली, माळा पालथा घातला. मी एका जुन्या रजईच्या खोळीत होते. हाक मारायला मला तोंड कुठे होते? मुलगा आठवडाभर रुसला. पुढे त्याचे गेमचे मशीन बिघडून भंगारात गेले. वर्षे गेली, मुलाचे केस विरळ झाले, आणि मी अंधारात आपली तीच काळजी उगाळत बसले.

मागच्या महिन्यात ती रजई टाकून द्यायला काढली आणि मी धपकन जमिनीवर पडले. मुलाने मला उचलले. वाटले, आता तरी! पण त्याने आधी माझा फोटो काढला.

"आई, हात लावू नकोस हिला, पाडशील. सीलबंद आहे! लोक वेडे झालेत असल्या जुन्या गेमसाठी. स्कूटर जाऊन दारात गाडी येईल!"

जुने गेम घेणारा एक व्यापारी रविवारी येणार असे ठरले. म्हणजे मी कायमची बंद राहणार. खरे सांगू? मला थोडे बरेही वाटले. मी बिघडलेली असले तरी कुणाला कळणार होते!

रविवारी मुलगा व्यापाऱ्याला घ्यायला चौकात गेला. इकडे आई घर आवरू लागली. परका माणूस येणार आणि त्याच्यापुढे ही मळकी वस्तू ठेवायची? तिने ते पिवळे पडलेले प्लास्टिक टराटरा फाडले आणि मला खोक्यातून काढून ओल्या फडक्याने लख्ख पुसले, मशीनमध्ये जाते त्या पट्टीसकट.

"आई! काय केलंस हे?" दारातच मुलाचा चेहरा उतरला.

"पुसली रे. मी काय पाडली का? ते प्लास्टिक किती कळकट झालं होतं!"

"अगं, त्या प्लास्टिकचेच तर पैसे होते!"

"म्हणजे? आतल्या वस्तूचे नव्हते?" आईच्या हातातले फडके तसेच राहिले.

"उघडलेल्या माझ्याकडे ढिगानं आहेत," व्यापारी म्हणाला. "चालत असेल तर थोडंफार देईन." त्याने पिशवीतून एक जुने मशीन काढून टीव्हीला जोडले.

मित्रांनो, भीतीने माझी गाळण उडाली. अंगात पाणी मुरले असेल तर? मी चालले नाही, तर आपणच हिची माती केली, असे त्या माउलीला जन्मभर वाटत राहील. तिच्याकडे मला पाहवेना.

पडदा काळाच राहिला. व्यापाऱ्याने मला काढून पुन्हा बसवले. तरी काळाच.

"माझ्यामुळेच ना रे?" आई हळूच म्हणाली.

मुलाने मला शर्टाच्या टोकाने कोरडे केले, गाल फुगवून लांबलचक फुंकर मारली आणि परत आत सरकवले. एकदम माझ्या आतून गाणे वाजू लागले! मला गाणे येते हे मलाच ठाऊक नव्हते. पडद्यावर एक छोटा माणूस पळत सुटला आणि पहिल्याच खड्ड्यात पडला.

"अरे, उडी मार की!" आई ओरडली.

"मारतोय ना, आई! थांब की जरा!"

व्यापारी घड्याळ बघू लागला. आता हा मला उपटून नेणार, या धास्तीने मला धड वाजताही येईना. त्याने वायरला हात घातला, तोच मुलाने पडद्यावरची नजर न काढता विचारले, "हे मशीन केवढ्याला देता?"

व्यापारी गालातल्या गालात हसला. त्याने अशी किंमत सांगितली की आईने डोळेच वटारले. पण मशीन राहिले आणि मीही राहिले.

अजूनही बटण दाबले की मला तोच घोर लागतो: मी चालेन ना? मित्रांनो, मुलाला तो पहिला खड्डा काही केल्या ओलांडता येत नाही. बोटे वळत नाहीत, म्हणतो. दहा वर्षांचा असता, तर त्याने तो हसत हसत ओलांडला असता. म्हणून हात जोडून सांगते, ज्याच्यासाठी वस्तू आणाल, त्याच्या हातात ती वेळेवर द्या.