वरचीचं अंगण

लेकीने जुना फोटो पडद्यावर अर्धा पारदर्शक केला आणि नव्या चित्रावर अलगद सरकवला. जुना विमानातून काढलेला, करडा, दरड कोसळण्याआधीचा. नवा उपग्रहाचा, यंदाचा, रंगीत. गेलेल्या घरांची छपरं आजच्या झुडपांवर येऊन टेकली.

आईने चष्मा पुसला. लेकीच्या नकाशाच्या कचेरीत ती पहिल्यांदाच आली होती आणि कुणी उठवेल की काय अशा बेताने खुर्चीच्या कडेला बसली होती.

दरड कोसळली त्या उतारावरून नवा रस्ता जाणार होता. गाडली गेलेली घरं नकाशावर दाखवली, तर तेवढी जमीन सोडून रस्ता वळवायचं ठरलं होतं. नकाशा आजच द्यायचा होता. त्यांतल्या एका घरात लेकीचे वडील अडकून राहिले होते, कधी वर काढता आले नाहीत ते. आई त्या आठवड्यात लेकीला घेऊन माहेरी होती, म्हणून दोघी उरल्या.

दोन चित्रं एकाच जाळीवर बसवायची तर दोन्हींत दिसणाऱ्या, जागच्या न हललेल्या खुणा लागतात. उतारच सरकलेला, तिथे खुणा कुठून आणायच्या? लेकीने कशाबशा चार शोधल्या होत्या : पुलाचं टोक, खाणीचा कोपरा, चौरस्ता आणि पाण्याची टाकी. जुळवताना जी चूक निघाली ती संगणकाने चारींत थोडी थोडी वाटून टाकली होती, घरातलं भांडण सगळ्यांनी वाटून घ्यावं तशी. साहेबांनी हातातला कप खाली न ठेवताच पाहिलं आणि चालेल म्हणाले. लेकीलाही पटलं, कारण वडिलांचं घर बरोबर आईच्या झाडाखाली आलं होतं.

ते झाड आईने लावलेलं. दरडीनंतर बऱ्याच काळाने ती परतली, तेव्हा उतारावर ओळखीचं काही उरलं नव्हतं. टाकी तेवढी उभी होती. तिच्यावरून घराच्या जागेचा अंदाज बांधून तिने रोप लावलं, आणि तेव्हापासून दर रविवारी ती तिथे जाऊन बसत असे.

आई पडद्याजवळ वाकली. छपरापासून टाकीपर्यंत तिने हवेतच बोट ओढलं, थांबली, पुन्हा ओढलं.

"आपल्या ओट्यावरून टाकी दिसायची नाही गं," ती म्हणाली. "खडकाच्या आड होती. भरून वाहिली की नुसता आवाज यायचा. तुझे बाबा म्हणायचे, न दिसणारी सासू आहे, बोलते फक्त."

लेक हसली नाही. नव्या रंगीत चित्रात त्या जागेपासून टाकीपर्यंत मध्ये काहीच नव्हतं.

तिने पाणीखात्यातून निवृत्त झालेल्या काकांना फोन लावला. काकांना त्यात नवल वाटलं नाही. जुनी टाकी दरडीबरोबरच गेली होती. लोकांनी हट्ट धरला की नवी हुबेहूब तशीच हवी, तोच जिना, तोच निळा पट्टा. तशी बांधली, फक्त जरा वर, पक्की जमीन पाहून. पुढे ती जुनीच आहे असं सगळेच धरून चालले.

लेकीने टाकीची खूण पुसली. खडकाचं टोक दोन्ही चित्रांत शोधून तिथे नवी खूण लावली आणि जुळणी पुन्हा चालवली. करडी छपरं हळूच खाली घसरली आणि थांबली. वडिलांचं घर रस्त्याच्या लाल रेघेवर आलं होतं.

"बाबांवरून रस्ता गेला असता," ती हळू आवाजात म्हणाली.

आईची नजर झाडाच्या हिरव्या ठिपक्यावरून हलली नव्हती.

"मग हे कुणाचं अंगण?"

"वरच्या घराचं."

वरची. सांडपाण्यावरून आईचं आणि त्या शेजारणीचं बोलणं तुटलं होतं ते तुटलंच. वरचीचं सगळं घरच गेलं. मागे कुणी उरलं नाही.

आईने रुमाल काढला, पण तो हातातच राहिला.

"इतकी वर्षं तिथे बसून तुझ्या बाबांना सगळं सांगितलं," ती म्हणाली. "माझं दुखणं, तुझा मोडलेला संसार. वरचीची गाऱ्हाणीसुद्धा. म्हणजे ऐकलं ते सगळं तिनेच."

लेकीने दोन्ही घरांभोवती हद्द आखली. लाल रेघ वळसा घेऊन पलीकडे गेली. मग तिने विचारलं, झाड हलवायचं का? खाली, आपल्या जागेवर?

"खाली दुसरं लावू. ते राहू दे. तिच्याकडे कोण येतंय?"

लेकीने नकाशा पाठवला आणि पडदा बंद केला. आई पिशवी उचलून दारापर्यंत गेली आणि वळली.

"रविवारी आधी वर जाऊ," ती म्हणाली. "इतकी वर्षं बसले तिच्या दारात. न सांगता उठून जाणं बरं दिसत नाही."