नेकारकाठी मारलेली हाक

नामदेवरावांना दगडांचं वेड होतं. बरं, साधासुधा दगड चालत नसे. तो पडका, शेवाळलेला आणि निदान दोन-तीन राजांचा मार खाल्लेला असावा लागे. खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून तर कॅमेरा त्यांच्या गळ्यातून फक्त आंघोळीला उतरायचा. कार्ले झालं, सांची झाली, रायगड झाला. आता मुलाकडे, लुडविग्सहाफेनला आल्यावर नदीकाठचे जर्मन किल्ले सुरू झाले होते.

या सगळ्या ठिकाणी कमलाबाई बरोबर होत्या. फोटोत मात्र कुठेच नव्हत्या. "कमल, जरा सरक, बुरूज झाकला जातोय," हे ऐकतच त्यांचा संसार झाला. कहर म्हणजे शेजारच्या शुभाताईंनी सांचीचे फोटो बघून विचारलं होतं, "तुम्ही नव्हता का गेलात?" ते अगदी जिव्हारी लागलं. आता उद्या परतीचं विमान होतं, आणि दोघांचा एक तरी फोटो निघाल्याशिवाय या देशातून हलायचं नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. म्हणून तर आज ठेवणीतली निळी पैठणी निघाली होती, भले वरून सुनेचं जाकीट असेना का.

मुलाने, उज्ज्वलने त्यांना हायडेलबर्गच्या पुढे, नेकार नदीवरच्या एका पडक्या किल्ल्यावर आणलं. नामदेवरावांनी कॅमेरा तिपाईवर चढवला आणि त्याला डोळा लावून बसले. त्यांना फोटोत माणूस नको होता. पण आज रविवार. एक जर्मन जोडपं गेलं की दुसरं यायचं, आणि नामदेवराव दात-ओठ खायचे.

"अहो, आपला एक फोटो..." कमलाबाईंनी सुरुवात केली.

"नंतर, नंतर. ऊन जाईल. तू जरा पलीकडे हो बघू."

"आई, मी काढतो ना तुझा," उज्ज्वल म्हणाला.

"माझा नको. आमचा हवाय!"

आणि त्या फणकाऱ्याने निघाल्या, त्या थेट तटाच्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. खाली नेकार वाहत होती. तिच्यातून एक प्रवासी बोट चालली होती, वर नटूनथटून बसलेल्या जर्मन आज्याच आज्या. कमलाबाईंनी पदर खोचला, नवऱ्याकडे वळल्या आणि खणखणीत हाक दिली, "अहोऽऽऽ!"

खालून उत्तर आलं, "आहोऽऽऽय!"

कमलाबाई दचकल्या. पुन्हा ओरडल्या, "अहोऽऽ!" तशी सगळी बोट हात हलवत उठली, "आहोऽऽऽय!"

अगं बाई! नवऱ्याला 'अहो' म्हणायचा मान सबंध जगात त्यांचा एकटीचा, आणि इथे बोटभर बायका बिनदिक्कत त्याच हाकेने त्याला बोलवत होत्या! बरं, हा माणूस तरी कसा? कॅमेऱ्यामागून डोकं काढून खुशाल हात हलवत होता.

"किती मोकळी माणसं आहेत बघ, उज्ज्वल!"

उज्ज्वल हसून हसून वाकला होता. "बाबा, 'आहोय' ही इथल्या नावाड्यांची हाक आहे. आमच्याकडे कार्निव्हललासुद्धा हेच ओरडतात. त्यांना वाटलं, आई त्यांनाच..."

"अहो, इकडे बघा!" कमलाबाई जीव तोडून ओरडल्या. बोटीने दुप्पट जोराने साथ दिली. नामदेवरावांनी पुन्हा बोटीलाच हात केला, आणि कॅमेऱ्याला डोळा लावला. आता कुठे सगळी माणसं बाजूला झाली होती. ऊन नेमकं किल्ल्याच्या कमानीवर आलं होतं. त्यांनी श्वास रोखला.

कमलाबाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. आता विमानात बसायचं, संपलं. मग त्यांना काय झालं कोण जाणे, लग्न झाल्यापासून जे तोंडातून कधी निघालं नव्हतं, ते निघालं.

"नामदेव!"

नामदेवराव असे ताठ झाले, जणू सासऱ्यांनीच हाक मारली. ही नाव घेते म्हणजे पडली! नाहीतर पडतेय! त्यांनी ऊन सोडलं, कमान सोडली आणि तटावरून ठेचकाळत धावत सुटले.

"काय झालं? लागलं का? कुठे लागलं?"

"कुठे नाही. फोटोत बोलवत होते तुम्हाला!"

"अगं, जीव गेला असता माझा!" ते धापा टाकत म्हणाले, आणि घट्ट धरलेला तिचा हात त्यांनी सोडलाच नाही.

तेवढ्यात उज्ज्वलने कॅमेरा वळवून बटण दाबलं होतं. तिघांनी पडद्यावर पाहिलं. नामदेवरावांचं तोंड उघडं, कमलाबाईंचं नाक लाल, दोघांचे हात मात्र घट्ट. किल्ला जवळपास कापला गेला होता.

"बाबा, डिलीट करू? कमान आलीच नाही."

"खबरदार!" नामदेवराव म्हणाले. "किल्ला काय, पुढच्या वर्षीही पडकाच असेल. आपलं कुणी सांगितलंय?"

"काहीतरीच बोलता," कमलाबाई म्हणाल्या. त्यांना फार, फार बरं वाटलं होतं. "आता एक नीट काढा. तोंड मिटून."